आमच्या कंपनीची सासू

१२ ऑक्टोबर. दिवाळी तोंडावर आली की कपडेपटाच्या पेट्या उघडून सगळ्या कपड्यांना ऊन दाखवावं लागतं. आज सकाळपासून तेच चालू आहे. साकोलीच्या माझ्या घराच्या गच्चीवर दोऱ्या बांधल्यात आणि त्यांवर राजाचे अंगरखे, इन्स्पेक्टरची वर्दी, नायिकेचे शालू आणि सासूची हिरवी नऊवारी अशी सगळी मंडळी शेजारी शेजारी लटकते आहे. दिवाळीनंतर मंडईचे, म्हणजे गावजत्रांचे, दिवस लागले की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव नाटकं सुरू होतात, ती होळीपर्यंत. त्याआधी उसवलेलं शिवून, हुक लावून, वास घालवून कपडे तयार ठेवायचे, हे माझं काम.

सासूच्या नऊवारीच्या पदरावर तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याचा डाग आहे. रिठा, लिंबू, रॉकेल, बाजारातली महागडी पावडर, सगळं करून झालं. यंदा सासूच्या कामाला नागपूरहून एक नवीन मुलगी येणार आहे. काल तिचा फोन आला. साडी जुनी असली तरी चालेल, स्वच्छ पाहिजे, म्हणाली. मी हो म्हटलं आणि फोन ठेवल्यावर इंदूबाईला मनातल्या मनात चांगलं सुनावलं. तिला जाऊन महिना होऊन गेला, तरी तिचं धुणं माझ्याच गळ्यात आहे.

इंदूबाई आमच्या कंपनीची सासू. पंचवीसेक वर्षं तिने दुसरी भूमिका केली नाही. नाटकाचं नाव बदलायचं, गोष्ट बदलायची, सुना तर दर दोन वर्षांनी बदलायच्या, सासू तीच. तिला दुसरं काही जमतच नाही असं मालक म्हणायचे. तिचं म्हणणं वेगळं होतं. रडणाऱ्या बाया कुठेही मिळतात, लोकांच्या शिव्या घेऊन घरी जाणारी एकच असते, असं ती म्हणायची. नाटकाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गावातल्या बायका आम्ही उतरलो असू त्या शाळेपर्यंत मुद्दाम यायच्या आणि तिच्याकडे पाहून बोटं मोडायच्या. तेवढं झालं की तिला चहा गोड लागायचा.

तिच्यासोबत एका खोलीत राहणं ही शिक्षा होती, आणि ती मी बरीच वर्षं भोगली. आरसा एकच असायचा. त्याच्यासमोर ती सगळ्यांत आधी बसायची आणि सगळ्यांत शेवटी उठायची. माझ्या सेफ्टी पिना घ्यायची आणि विचारलं की माझ्याकडेच संशयाने पाहायची. खर्रा तोंडात ठेवून संवाद पाठ करायची, त्यामुळे तिच्यासमोर बसणाऱ्याने छत्री घेऊन बसावं. मी डाग दाखवला की म्हणायची, "डाग नाही वं रेखा, क्यारेक्टर हाये ते."

आणि खोटं. कारण नसताना, सहज, खर्ऱ्याची पुडी उघडावी तसं ती खोटं बोलायची. एका बसमध्ये शेजारच्या बाईला सांगायची की मी नर्स आहे, परतीच्या बसमध्ये ती शाळामास्तरीण झालेली असायची. एकदा मी विचारलं की असं का करतेस. सीझन नसला की सराव राहत नाही, म्हणाली.

घर तिचं वरठीला. नवरा तिथल्या स्टीलच्या कारखान्यात होता, तो लवकर गेला. मुलगा अनिल शिकला, जवाहरनगरच्या फॅक्टरीत लागला, क्वार्टर मिळालं. आईने आता तोंडाला रंग लावू नये असं त्याला वाटायचं. ती त्याला म्हणायची की तुझ्या शाळेच्या फिया या रंगानेच भरल्या. हे मात्र खरं होतं.

आता वसंता. वसंता आमचा विनोदी नट, राहणारा दिघोरीचा. भावासोबत धानाची शेती, आणि चार महिने नाटक. प्रत्येक नाटकात तो सासूच्या घरचा नोकर. इंदूबाईपेक्षा पंधरा वर्षांनी तरी लहान, पण दोघं भांडायची बरोबरीने. भांडण एकाच गोष्टीवरून, हशा कोणाचा. त्यांचा एक प्रवेश होता, तो कंपनीने प्रत्येक नाटकात घुसवला होता, कारण लोक तो मागायचे. नोकर स्वयंपाकघरातून आलूबोंडा चोरतो, अर्धा खातो, तेवढ्यात सासू येते, त्याच्या तोंडातून उरलेला अर्धा ओढून काढते आणि स्वतःच्या तोंडात कोंबते. तोंड भरलेलं असतानाच म्हणते, "नवऱ्याचं उष्टं कधी खाल्लं नाही, मुर्दाडा, तुझं खाऊन राहिली." यावर मांडव कोसळायचा. हा हशा वसंताच्या चेहऱ्यावर येतो असं वसंता म्हणायचा. आपल्या वाक्यावर येतो असं इंदूबाई म्हणायची. मला विचाराल तर तो आलूबोंड्यावर यायचा.

मी सांगते आहे ते पंधरा-सोळा वर्षांपूर्वीचं. त्या सीझनला वसंता वाळत चालला होता. ताप यायचा, जायचा. लोक जास्तच हसायचे, कारण काडीसारखा माणूस विनोदी दिसतो. इंदूबाईने एकदा विंगेत मला सांगितलं की हा आलूबोंडा नीट खात नाही, आजकाल पाऊणच्या वर माझ्याच वाट्याला येते, घशात अडकते. मला वाटलं, नेहमीची तक्रार. पण शंकरपटाच्या, बैलांच्या शर्यतींच्या, दिवसांत सलग सुट्टी मिळाली तेव्हा ती त्याला बखोटीला धरून भंडाऱ्याच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. रक्त तपासलं. एचआयव्ही निघाला.

तिथून आल्यावर तिने सगळ्यांना सांगितलं की वसंताला कावीळ झाली. चार दिवसांनी कोणी विचारलं तर टायफॉईड म्हणाली. मी तिला बाजूला घेऊन विचारलं की नक्की काय ते एक ठरव. तर म्हणे, काविळीचा टायफॉईड झाला. इतकी वर्षं खोटं बोलून या बाईला ऐन वेळी एक धड खोटं सांगता येऊ नये, याचा मला संताप आला. तेव्हाच मला कळलं की ती घाबरली आहे.

तिच्या खोट्याचा उपयोगही झाला नाही, कारण वसंताने स्वतःच सांगून टाकलं. आमचे मेकअपवाले गोविंदकाका सगळ्या पुरुषांची दाढी एकाच वस्तऱ्याने करायचे. ओळीने सगळे बसायचे आणि काका पट्ट्यावर वस्तरा घासत पुढे पुढे सरकायचे. त्या दिवशी वसंताची पाळी आली तसा त्याने काकांचा हात धरला. "माझी करू नका काका. मले तो रोग हाये. मी आपली घरून करून येत जाईन." नेहमीच्या आवाजात म्हणाला, आणि त्याचा नेहमीचा आवाज विनोदी असल्यामुळे दोघं-तिघं हसले.  काकांनी वस्तरा खाली ठेवला. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी ज्याचं त्याचं ब्लेड सुरू केलं. ते खरं म्हणजे आधीच करायला पाहिजे होतं.

त्या दिवशीच्या नाटकात त्या प्रवेशाला सगळी कंपनी विंगेत उभी होती. ज्यांची काही एंट्री नव्हती तेही. कोणी कोणाला बोलावलं नव्हतं. सासू आलूबोंडा खाते की नाही, हे पाहायचं होतं. वसंताने चोरलेला आलूबोंडा हातात घेतला, आणि न चावता त्याचे हाताने दोन तुकडे केले. एक स्वतःच्या तोंडात टाकला, दुसरा बाजूला धरून ठेवला, तिला घ्यायला सोपा जावा म्हणून. त्याचं मन चांगलं होतं, पण प्रवेश मेला. उष्टंच नाही तर वाक्याला अर्थ काय? इंदूबाईने हातातल्या तुकड्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने त्याचे गाल दाबून तोंड उघडलं, आतला चावलेला घास बोटांनी काढला, लोकांना नीट दिसेल असा वर धरला आणि खाल्ला. मग वाक्य घेतलं. मांडव कोसळला. लोकांना वाटलं, आज नवीन काहीतरी केलं.

विंगेत आल्यावर तिने वसंताची जी खरडपट्टी काढली तशी मी कधी ऐकली नव्हती. रोगाबद्दल एक शब्द नाही. वीस वर्षांचा बसवलेला हशा तू हाताने मोडला, असा एकच विषय. तो म्हणाला, बाई, मी तुमच्यासाठीच केलं. ती म्हणाली, "तुले मरायचं असन तं सीझन संपल्यावर मर. माझा हशा कायले मारतं?" असं बोलणाऱ्या बाईबद्दल चांगलं काय लिहावं? पण मी तेव्हा तिथे होते, आणि त्यानंतर कंपनीत पाण्याचा पेला वेगळा ठेवायचं कोणी बोललं नाही. माझ्याकडे मात्र दोन बाया आल्या, त्याचे कपडे वेगळे धुवा म्हणायला. माझ्याकडे टब एकच आहे म्हणून मी सांगितलं. त्याला हा रोग कसा लागला असेल यावरही कुजबूज चालायची. इंदूबाईच्या कानावर आलं की ती विचारायची, "कसा झाला ते विचारून काय करता? तुमाले करून पायचं हाये का?"

मालकांना हे परवडणारं नव्हतं. बाहेर समजलं तर कोणतंही गाव आपलं नाटक घेणार नाही, वसंताने घरी राहावं, असं ते म्हणाले. इंदूबाई म्हणाली, मग सासूही काढा. आता हिने कंपनी सोडायची धमकी दर सीझनला दिलेली, कधी आरशावरून, कधी जाहिरातीतल्या फोटोवरून. त्यामुळे मालकांनी मान हलवली आणि चहा मागवला. ती उठली, पेटी भरली आणि गावाच्या फाट्यावर जाऊन पेटीवर बसली. त्याच दिवशी नाटक. मी तिच्यामागे गेले, कारण त्या पेटीत माझी नऊवारी होती. तिला म्हटलं, साडी दे आणि मग कुठे जायचं तिथे जा. तिने साडी दिली नाही. पेटीवर बसून खर्रा घोटत राहिली. दोन बसा आल्या आणि गेल्या, ती चढली नाही. दुपारनंतर मालक मोटारसायकल घेऊन आले आणि म्हणाले की चला, दोघंही राहा. ती मागच्या सीटवर बसून निघून गेली. पेटी मला आणावी लागली.

दवाखान्यातून वसंताला गोळ्या मिळत होत्या. त्या नेमाने घेतल्या तर माणूस पुष्कळ वर्षं जगतो असं डॉक्टरांनी दोघांना बसवून सांगितलं होतं. तरी तो सुधारत नव्हता. सीझन संपत आला तसा त्याला खोकला लागला आणि पवनीजवळच्या एका गावात तो गाडीतून उतरताना पडला. इंदूबाईने त्याची पिशवी उपसली. गोळ्यांची डबी निघाली ती जवळजवळ भरलेली. आम्हाला वाटलं, जगायचं नाही म्हणून घेत नव्हता. विचारलं तर साधा चेहरा करून म्हणाला, "घेऊन राहिलो ना बाई. रातच्याले झोपाच्या आधी घ्याची सांगतली. ज्या दिवशी नाटक नाही त्या दिवशी घेतो. नाटकाच्या दिवशी मी रातच्याले झोपतोच कोठी?"

सीझनमध्ये नाटक नसलेले दिवस किती? बोटांवर मोजावे तेवढे. इंदूबाईने डबीतल्या गोळ्या तळहातावर घेऊन मोजल्या.  मग शिव्या सुरू केल्या.

दुसऱ्या दिवशी ती त्याला घेऊन भंडाऱ्याला गेली. मला सोबत नेलं, कारण जेवणाचा डबा कोणीतरी धरायला पाहिजे होता. औषधाच्या केंद्रावर समजावून सांगणारी एक मुलगी होती, शांत स्वभावाची. इंदूबाईने तिच्या टेबलावर हात आपटून विचारलं की माणसाला रात्री झोपायला सांगता, तो काय धंदा करते ते विचारत नाही काय. त्या मुलीने तिला बसायला सांगितलं आणि वसंताला विचारलं की तुम्ही झोपता केव्हा. मग पहिल्यापासून सगळं समजून घेतलं. या गोळीने चक्कर येते, म्हणून झोपताना घ्यायची एवढाच त्याचा अर्थ, झोप सकाळी असेल तर सकाळी घ्या, पण रोज घ्या, एकही दिवस चुकवू नका, असं तिने दोनदा सांगितलं. सीझन संपला की वेळ बदलून देईन, आपल्या मनाने बदलू नका, असंही सांगितलं. इंदूबाई उठताना म्हणाली की असं आधीच बोलायचं होतं. मी त्या मुलीची माफी मागितली. इंदूबाईसोबत कुठेही गेलं की परत निघताना कोणाची तरी माफी मागणं हे माझ्याकडे असायचं.

वसंताला टीबीही निघाला होता. त्याची बायको आधीच मुलीला घेऊन माहेरी गेली होती. दोघींची तपासणी झाली, दोघी ठीक निघाल्या, आणि ती परत आली नाही. मी तिला दोष देत नाही. भाऊ म्हणाला की घरात लहान पोरं आहेत. तेव्हा इंदूबाईने त्याला वरठीला आपल्या घरी आणून ठेवलं. मालकांना विचारलं नाही, अनिलला विचारलं नाही, वसंतालाही विचारलं नसावं.

अनिल जवाहरनगरहून आला आणि आईशी भांडला. फॅक्टरीतले लोक काय म्हणतील, तुमचं नातं काय, असं बरंच बोलला. शेवटी म्हणाला की हा माणूस असेपर्यंत मी या घरात येणार नाही. ती म्हणाली, मग मी तुझ्याकडे येत जाईन. आणि खरंच दर रविवारी फॅक्टरीच्या वस्तीत जाऊन त्याच्या क्वार्टरच्या दारात बसायची, सुनेने केलेला चहा प्यायची, वसंताला किती ताप होता, काल किती खोकला, हे शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगायची आणि परत यायची. पाच-सहा रविवार झाल्यावर सुनेने अनिलला सांगितलं की तुम्हीच वरठीला जात जा, ते बरं. तो जायला लागला. वसंताशी बोलायचा नाही, पण जायचा.

ती वसंताची सेवा कशी करायची हे पाहून सेवा या शब्दावरून माझं मन उडालं. मऊ खिचडी करायची आणि ताट त्याच्यापुढे आदळायची. तो ओकला की धुवायची आणि धुताना त्याच्या आईबापाचा उद्धार करायची. त्याला ताप असला की रात्र रात्र बसायची, आणि तुझ्यामुळे माझी झोप गेली म्हणून दिवसभर ऐकवायची. तोही काही साधा नव्हता. दवाखान्यात भरती केलं तर वॉर्डात नकला करायचा, पेशंट खोकेपर्यंत हसायचे. त्याला मिळालेली अंडी तो वाटून टाकायचा. ती हिशेब विचारायला गेली की म्हणायचा, कोंबडीनेच नेली. दोघांपैकी कोणाला आधी बदडावं हे मला ठरवता यायचं नाही.

जरा अंगात ताकद आली तसा तो एक दिवस पळाला. पाऊस चांगला झाला होता, दिघोरीला रोवणा सुरू होता. आपल्या शेतात धान रोवलं जात असताना आपण खाटेवर आहोत, हे त्याला सहन झालं नाही. गोळ्या वरठीलाच. इंदूबाई डबी घेऊन त्याच्या मागे दिघोरीला गेली. पुढचं मला दोघांकडून वेगवेगळं कळलं, पण एवढं दोघंही सांगायचे. ती बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे भातखाचराच्या कडेला, उभी राहून ओरडायला लागली. चिखलात ओणव्या झालेल्या रोवणाऱ्या बायांनी मान वर केली आणि तिला ओळखलं. नाटकातली सासू आमच्या बांधीत आली, असं म्हणून त्या हातातलं परं, धानाच्या रोपांची जुडी, सोडून उभ्या राहिल्या. इंदूबाई जितकी रागावली तितक्या त्या हसल्या. तिने शिवी दिली की टाळ्या. शेवटी ती चप्पल काढून चिखलात उतरली. वसंताचे दोन्ही हात चिखलाने भरलेले, म्हणून त्याने नुसतं तोंड उघडलं. तिने गोळी टाकली, लोट्याने पाणी ओतलं. एका बाईने विचारलं की कशाची गोळी. ही म्हणाली, शक्तीची. तर त्या बाईने आपल्यालाही मागितली, दुसरीनेही.

परतताना साकोलीला माझ्या घरी येऊन म्हणाली, "मी खरंच रागावली होती वं रेखा. खरंच. येकीलेबी समजलं नाही." तिचा आवाज इतका लहान मी दुसऱ्यांदा ऐकला नाही. मी म्हटलं, वीस वर्षं लोकांना सवय लावलीस, आता भोग.

वसंता जगला. दोन सीझन गेले आणि तो परत नोकराच्या कामाला उभा राहिला, अंगावर मांस चढलं, आणि हशा कोणाचा हे भांडण पुन्हा सुरू झालं. पुढे गोळी बदलली, आताच्या गोळीने चक्कर येत नाही म्हणतात, केव्हाही घ्या, फक्त वेळ पाळा. त्यांनी सकाळची वेळ धरली. इंदूबाईचे गुडघे गेले तसं तिने काम सोडलं आणि वरठीलाच राहिली. तो दिघोरीला भावाने वेगळ्या काढून दिलेल्या खोलीत. रोज सकाळी ती त्याला फोन करायची. घेतली का, एवढंच विचारायची आणि ठेवायची. महिन्याच्या गोळ्या मिळायच्या तारखेला दोघं आपापल्या गावाहून भंडाऱ्याला यायची आणि केंद्रासमोर भेटायची. फोन करून चालत नाही, असं तिचं म्हणणं. हा फाटकापर्यंत येतो, ओळखीचा माणूस दिसला की तिथूनच परत जातो. सगळ्या कंपनीसमोर रोगाचं नाव घेणारा माणूस दवाखान्याच्या फाटकाला भ्यायचा. मला याचा उलगडा झालेला नाही.

गेल्या महिन्यात तिच्या किडन्यांनी काम थांबवलं. भंडाऱ्याला भरती केल्याचा अनिलचा फोन आला. मी मंगळवारी गेले. ती उशीला टेकून बसली होती, चेहरा सुजलेला, केस मात्र चापून विंचरलेले. मी तब्येत विचारली. म्हणाली, "वसंताची तारीख शुक्रवारी हाये. नऊच्या आत पोचायचं, मंग गर्दी होते."

मी म्हटलं, त्याला फोन कर.

"त्याले कायले फोन करू? तुले सांगून राहिली ना."

मला शुक्रवारी काम होतं. मी तसं सांगितलं. तिने ऐकलं नसावं, किंवा ऐकून सोडून दिलं असावं. मला तिने विचारलं नव्हतंच, सांगितलं होतं. निघताना मी दारातून मागे पाहिलं, तर ती उशी उलटी करून तिला बुक्क्या मारत होती, उशीने काही अपराध केल्यासारख्या. तेवढंच तिचं शेवटचं दिसणं.

बुधवारी ती गेली. गुरुवारी वरठीला सगळं झालं. बुद्धवंदना झाली, कंपनीतले जुने लोक आले होते, मालक आले होते. वसंताने खांदा दिला. नंतर तो घराच्या मागे नळाजवळ जाऊन बसला. अनिलने त्याला स्वतः चहा नेऊन दिला आणि कप रिकामा होईपर्यंत त्याच्याजवळ उभा राहिला. लोक पांगल्यावर मी वसंताला उद्याच्या तारखेची आठवण दिली. तो म्हणाला, "राहू द्या ना रेखाताई. येक महिना नाही घेतली तं काय होते? आता कोण विचारते?" आज घेतली का, असं मी विचारलं. शेवटची काल घेतली, म्हणाला. म्हणजे डबी रिकामी. मला त्याच्याशी वाद घालायचा नव्हता. मी त्या घरातच मुक्काम केला, बायांसोबत.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून मी चहा केला, ओसरीत झोपलेल्या वसंताच्या अंगावरची चादर ओढली आणि ऑटो बोलावला. दवाखान्याच्या फाटकाशी तो अडलाच. समोरच्या पानठेल्यावर लाखांदूरकडचा कोणी ओळखीचा उभा होता. मला इंदूबाईसारखं ओरडता येत नाही, आणि रस्त्यावर तर नाहीच. मी त्या पानठेल्यावर गेले, त्या माणसाला नमस्कार केला आणि त्याच्या घरची, शेताची, पोरीच्या लग्नाची चौकशी करत त्याची पाठ फाटकाकडे होईल अशी उभी राहिले. वसंता आत गेला. मग मी गेले.

आत आता दुसरी मुलगी आहे. तिने विचारलं, नेहमीच्या बाई नाही आल्या. वसंता जमिनीकडे पाहत होता. त्या परवा वारल्या, असं मी सांगितलं. तिने वसंताचं कार्ड पुढे ओढलं. मग विचारलं की आता सोबतीला कोण, फोन कोणाला करायचा. वसंताने तोंड उघडलं, आणि तो आता एखादा विनोद करणार हे मला दिसलं. त्याच्या आधी मी माझा नंबर सांगितला आणि तिला परत वाचून दाखवायला लावला, कारण लोक शेवटचे आकडे उलटे लिहितात. पुढची तारीख सोमवारची मिळाली. सोमवारी साकोलीचा बाजार असतो, माझ्याकडे शिवणाचं गिऱ्हाईक येतं. बदलून मागावी असं मनात आलं होतं.

बाहेर आल्यावर त्याने नळावर गोळी घेतली. मग तिथेच उभा राहिला. म्हणाला, "काई बोलाचं असन तं बोलून घ्या, रेखाताई. बाई बोलल्याबिगर सोडत नोती."

मला काही बोलायचं नव्हतं. दुपारपर्यंत दोन ब्लाऊज द्यायचे होते. मी स्टँडकडे चालायला लागले. तो मागे मागे, चार पावलं चालायचा आणि थांबायचा. दिघोरीकडची बस लागलेली दिसत होती आणि हा रस्त्याच्या मधे उभा.

"पाय उचल ना मुर्दाडा," मी म्हटलं. "बस जाईन."

मग तो नीट चालायला लागला.